तळटीप : ‘हितवाद’ आणि कमानिया गेट

‘हितवाद’ : गोखल्यांच्या भारत सेवक समाजाने 1911 पासून नागपुरात चालवलेले इंग्रजी पत्र, आता दैनिक, जबलपूर आवृत्तीही निघते. ते ‘नागपूरचे’ म्हणून जबलपूरच्या इतिहासातून वगळणे पटत नाही. 1956 पर्यंत या शहराचा कारभार नागपूरहूनच चाले. जबलपुरातले कमानिया गेट ज्याचे स्मारक आहे, ते काँग्रेसचे 1939 चे त्रिपुरी अधिवेशनही नागपूर राजधानी असलेल्या त्याच प्रांतातले. इंग्रजी पत्र वाचणारे मूठभर, हा आक्षेप खरा. पण सचिवालयाच्या कानी घालायचे गाऱ्हाणे इंग्रजीतच मांडावे लागे. लोकमत घडवले ते मात्र हिंदी पत्रांनी, विशेषतः माखनलाल चतुर्वेदींच्या संपादकत्वाखाली 1920 साली जबलपुरात निघालेल्या ‘कर्मवीर’ने. अभ्यासकाने दोन्हींच्या फायली शेजारी ठेवूनच वाचाव्यात. — संपादक