थंडीत जागं न होणारं इंजिन

भाच्याला जुना ट्रॅक्टर घ्यायचाय, म्हणून परवा सकाळी सातला बघायला गेलो. ट्रॅक्टर उताराला तोंड करून उभा. इंजिनाला हात लावला तर कोमट! म्हणजे आम्ही यायच्या आधीच चालू करून ठेवलेला. मालक म्हणाला, "थंडीत जरा वेळ घेतो, जुनी गाडी म्हटल्यावर असंच असतंय."

असंच नसतं. यामागं इतिहास आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेलचं 1892 चं पेटंट याच गोष्टीवर होतं, की हवा एवढी दाबायची की तिच्या उष्णतेनंच इंधन पेटलं पाहिजे. पण गार इंजिन ती उष्णता शोषून घेतं. जर्मनीचा लान्झ बुलडॉग 1921 ला आला, त्याचं तर डोकंच आधी ब्लो लॅम्पनं तापवावं लागायचं. रोज सकाळी चूल पेटवल्यासारखं!

पुढं 1956 ला इंग्लंडात फर्ग्युसन 35 निघाला. त्याच्या डिझेल मॉडेलला स्टँडर्ड कंपनीचं 23सी हे चार सिलिंडरचं इंजिन होतं. त्यात डिझेल थेट पिस्टनवर न पडता बाजूच्या छोट्या कोठडीत पडायचं. कोठडीच्या गार भिंती ऊब खाऊन टाकायच्या, त्यामुळं थंडीत चालू करताना शेतकरी मेटाकुटीला यायचे. ती खोड घडणीतलीच होती. 1959 च्या शेवटाला मॅसी फर्ग्युसननं त्याजागी पर्किन्सचं तीन सिलिंडरचं इंजिन बसवलं. त्यात डिझेल थेट पिस्टनवर. एक सिलिंडर कमी झाला, पण ट्रॅक्टर सकाळी झटक्यात उठायला लागला. आपल्याकडच्या मॅसी 1035 चं सिम्पसन इंजिन याच पर्किन्सच्या घराण्यातलं.

आता आम्ही बघायला गेलो तो ट्रॅक्टरही तीन सिलिंडरचा, थेट फवारणीचा. आपल्या थंडीत त्यानं नखरे केले तर दोष घडणीचा नाही, झिजेचा किंवा देखभालीचा. मालकाला म्हटलं, उद्या येतो, तोवर चावी लावू नका.

दुसऱ्या दिवशी इंजिन गारठलेलं. सेल्फ जोरात फिरला, म्हणजे बॅटरी आणि सेल्फ ठीक. सायलेन्सरमधून पांढरा धूर यायला लागला, पण इंजिन काही पेटेना. धूरच नसता तर डिझेल पोचत नाही, पाइपात हवा धरली असेल, असं म्हटलं असतं. ते काम स्वस्तात होतं. इथं डिझेल पोचत होतं, जळत नव्हतं. मग नोजल, पंपाचं टायमिंग नाहीतर कॉम्प्रेशन. सातव्या-आठव्या सेल्फला एकदाचा चालू झाला. ऑईल भरायचं झाकण उघडलं तर बिडी ओढल्यासारखे झुरके बाहेर! रिंगा आणि बोअर गेलेले, दुसरं काय.

भाचा इसाराचे पैसे खिशात घेऊनच आला होता. ते खिशातच राहिले. इंजिन कामाचा खर्च वजा करून भाव सांगून आलोय. मालकाचा फोन अजून नाही.