पंधरवडा उलटूनही न थांबणारे जुलाब: तान्ह्या मुलांना प्रतिजैविके केव्हा द्यावीत?

अचानक सुरू झालेले जुलाब चौदा दिवस किंवा त्याहून अधिक काळ टिकले, की त्यास दीर्घकाळ टिकणारा अतिसार म्हणतात. ही मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेची आहे. साधे जुलाब बहुधा आठवडाभरात थांबतात. पंधरवडा ओलांडणारी मुले संख्येने थोडी असली, तरी अतिसाराने होणाऱ्या बालमृत्यूंत त्यांचा वाटा मोठा असतो. या काळात घरच्यांचा धीर सुटतो, डॉक्टर बदलले जातात आणि प्रत्येक नव्या चिठ्ठीवर आधीच्यापेक्षा जहाल प्रतिजैविक येते. बाळाला मात्र बहुतेक वेळा खरी निकड अन्नाची असते.

हा आजार कोठे बळावतो, हे पाहण्यासाठी ग्वाल्हेरचे उदाहरण पुरेसे आहे. तेथील गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालय १९४६ साली स्थापन झाले. (ज्यांचे नाव त्यास दिले आहे त्या महाराणी गजराराजे गोव्याच्या राणे घराण्यातील होत्या.) महाविद्यालयाशी संलग्न असलेले कमला राजा रुग्णालय स्त्रिया व मुलांसाठी आहे. ग्वाल्हेर-चंबळ पट्ट्यातील श्योपूर, शिवपुरी या जिल्ह्यांत सहरिया आदिवासींची मोठी वस्ती असून तेथील बालकांचे कुपोषण वर्षानुवर्षे चर्चेत राहिले आहे. सहरिया, बैगा व भारिया कुटुंबांतील स्त्रियांना पोषण आहारासाठी दरमहा एक हजार रुपये देण्याची योजना मध्य प्रदेश सरकारने २०१७ च्या अखेरीस सुरू केली, ती याच पार्श्वभूमीवर. कुपोषण आणि न थांबणारे जुलाब परस्परांना खतपाणी घालतात.

त्याचे कारण आतड्यातच आहे. लहान आतड्याच्या आतील अस्तरावर अतिशय बारीक लव असते आणि अन्नरस तिच्याद्वारे शोषला जातो. जंतुसंसर्गाने ही लव झडते. धडधाकट बाळाच्या आतड्यात ती काही दिवसांत पुन्हा उगवते. अशक्त बाळाकडे त्यासाठी लागणारी प्रथिने, जस्त व जीवनसत्त्वे नसतात. लव नसली की दुधातील साखर पचत नाही. ती तशीच पुढे सरकते, पाणी ओढून घेते आणि जुलाब चालूच राहतात. मूळ जंतू तोवर अनेकदा निघूनही गेलेला असतो.

अशा वेळी दिलेले प्रतिजैविक मारणार कोणाला? मोठ्या आतड्यातील उपकारक जीवाणू न पचलेल्या पिष्टाचे विघटन करून पाणी शोषण्यास हातभार लावतात. औषधाने त्यांचीच संख्या घटते आणि प्रतिजैविकामुळेच होणारे जुलाब वर सुरू होतात. शिवाय तान्ह्यांच्या जुलाबांचे एक प्रमुख कारण असलेल्या रोटाविषाणूवर या औषधांचा काहीच परिणाम होत नाही. भारतासह सात देशांतील आठ हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पातळ जुलाबांसोबत शोष किंवा कुपोषण असलेल्या या मुलांना तीन दिवस अॅझिथ्रोमायसिन देऊनही पुढील सहा महिन्यांतील मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही.

तरीही प्रतिजैविक सर्वस्वी वर्ज्य नाही आणि ते टाळण्याच्या हट्टापायीही बाळ दगावू शकते. शौचात रक्त असल्यास, तीव्र शोषासह पटकीचा संशय असल्यास, किंवा न्यूमोनिया, मूत्रमार्गाचा वा रक्तातील संसर्ग सोबत असल्यास ते द्यावेच लागते. तीव्र कुपोषित बाळात ताप न येताही असा संसर्ग दडलेला असू शकतो. म्हणून त्याला रुग्णालयात दाखल करणे इष्ट. मेट्रोनिडाझोलसारखे औषध मात्र शौचाच्या तपासणीत जिआर्डिया किंवा अमिबा आढळल्याखेरीज नेमाने देऊ नये. औषधाच्या पट्टीवरील उभी लाल रेघ चिठ्ठीविना विक्रीस मनाई असल्याचे सांगते. दुकानाच्या फळीवर ती क्वचितच पाळली जाते. जुलाब बांधणारी औषधे तान्ह्या मुलांना कधीच देऊ नयेत.

मग उपचार कोणता? सहा महिन्यांखालील बाळाला केवळ स्तनपान, तेही अधिक वेळा. त्यापुढील बाळाचे स्तनपान चालू ठेवून वरचे दूध कमी करावे आणि त्याऐवजी दही द्यावे. मऊ भात, मुगाची डाळ, वर चमचाभर तेल असा आहार दिवसातून सहा वेळा थोडा थोडा भरवावा. ‘पोटाला विश्रांती’ म्हणून नुसत्या पेजेच्या निवळीवर ठेवण्याची आपल्याकडील रीत बाळाला आणखी खंगवते. प्रत्येक जुलाबानंतर जलसंजीवनी द्यावी. झिंक सहा महिन्यांखालील बाळास रोज १० मिलिग्रॅम व त्यापुढे २० मिलिग्रॅम, असे १० ते १४ दिवस द्यायचे असते. जुलाब थांबले तरी मात्रा पूर्ण करावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) जुलाब झालेल्या पाच वर्षांखालील मुलांपैकी सुमारे ६१ टक्क्यांना जलसंजीवनी मिळाली होती, झिंक मात्र जेमतेम ३१ टक्क्यांना.

डोळे खोल जाणे, लघवी बंद होणे, बाळ सुस्त पडणे, दूध ओढेनासे होणे, शौचात रक्त दिसणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास चौदा दिवस मोजत बसू नये. दोन महिन्यांखालील बाळाला तर जुलाब लागताच त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.