एक मोजणी, आणि फेसबुक बेपत्ता

सोमवार, ४ ऑक्टोबर २०२१. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप जगभर सुमारे सहा तास बंद पडले. हल्ला झाला नव्हता, समुद्रातली केबलही तुटली नव्हती. नेटवर्कची क्षमता मोजायला सोडलेली एक कमांड त्याला पुरली. खालच्या वेळा भारतीय आहेत. साडेबारा तास वजा केले की कॅलिफोर्नियातली तेव्हाची वेळ मिळते.

रात्री ९ पूर्वी
फेसबुकची डेटा सेंटर्स हजारो मैलांच्या फायबरने एकमेकांना जोडलेली आहेत. या जाळ्याला बॅकबोन म्हणतात. त्याची देखभाल हे नेहमीचं काम. चुकीची कमांड अडवायला तपासणीचं एक टूल बसवलेलं आहे. त्या टूलमध्येच बग आहे.

९:१० च्या सुमारास
बॅकबोनची उपलब्ध क्षमता अजमावणारी कमांड दिली जाते. तपासणीचं टूल ती अडवत नाही. बॅकबोनच्या सगळ्या जोडण्या तुटतात.

आता दुसरा फटका. फेसबुकचे डीएनएस सर्व्हर, म्हणजे नावावरून आयपी पत्ता सांगणारे सर्व्हर, लहान लहान केंद्रांत विखुरलेले आहेत. डेटा सेंटरशी संपर्क तुटला, तर आपल्यात बिघाड आहे असं समजून बीजीपीवरून (नेटवर्क एकमेकांना मार्ग कळवतात ती पद्धत) स्वतःचा मार्ग जाहीर करणं थांबवायचं, असा त्यांना नियम घालून दिलेला आहे. एखादंच केंद्र बिघडलं असेल तर हा नियम फार चांगला. या वेळी मात्र सगळीच केंद्रं एकदम मागे हटतात. डीएनएस सर्व्हर चालूच आहेत, पण त्यांच्यापर्यंत जाणारा रस्ता इंटरनेटला ठाऊक राहिलेला नाही.

९:२१
स्वतःची डीएनएस सेवा चालवणाऱ्या क्लाउडफ्लेअर या कंपनीचे अभियंते फेसबुकचा पत्ता सापडत नसल्याची नोंद करतात. आपल्याच डीएनएसमध्ये दोष असावा, अशी त्यांना आधी शंका येते.

९:२८
फेसबुकच्या डीएनएसकडे जाणारे मार्गच जाहीर होत नाहीत, हे त्यांना दिसतं. बाहेरून मोजणाऱ्यांना निदान झालं आहे.

१० नंतर
उत्तर न मिळाल्याने अ‍ॅप पुन्हा पुन्हा विचारत राहतात. क्लाउडफ्लेअरच्या डीएनएसवर फेसबुकच्या सेवांच्या नावांची विचारणा नेहमीच्या ३० पट होते. आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपच्या संदेशांशेजारी घड्याळाची खूण तशीच अडकून राहते.

मध्यरात्रीच्या पुढे-मागे
दुरुस्तीला वाटच नाही. आणीबाणीसाठी ठेवलेलं वेगळं नेटवर्कही बंद आहे आणि डीएनएस गेल्याने कंपनीची आतली बरीच टूल्स निकामी झाली आहेत. अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावं लागतं. तिथे शिरणं मुद्दामच अवघड केलेलं आहे. आत पोचल्यावरही तिथल्या राउटरमध्ये सहज बदल करता येत नाहीत.

बॅकबोन जोडल्यावरही घाई चालत नाही. एकेका डेटा सेंटरचा वीजवापर दोन आकडी मेगावॉटने उतरलेला असतो. सगळा भार एकदम आला, तर विजेच्या यंत्रणेपासून डेटाच्या कॅशपर्यंत काहीही कोलमडू शकतं. म्हणून एकेक सेवा जपून सुरू केली जाते.

२:३०
फेसबुकचे मार्ग पुन्हा जाहीर होताना दिसू लागतात.

२:५०
फेसबुकचा पत्ता पुन्हा सापडतो. सेवा हळूहळू परततात.

दुसऱ्या दिवशी फेसबुकचे पायाभूत यंत्रणांचे प्रमुख संतोष जनार्दन यांनी कारणं सविस्तर जाहीर केली. सर्व्हरवर मोजणीचं टूल बसवणाऱ्या प्रत्येकाने त्यांतून निघणारे धडे मनावर घ्यावेत. मोजणाऱ्या टूलच्या खात्याला फक्त वाचण्याचा अधिकार द्या. मोजणीचं एक ठिकाण आपल्या नेटवर्कबाहेर, दुसऱ्या कंपनीच्या लाइनवर ठेवा. सर्व्हरपर्यंत जाणारी आणीबाणीची वाट आपल्या डीएनएसवर अवलंबून नको. त्या वाटेवरच्या यंत्राचा आयपी पत्ता कागदावर लिहून ठेवा. आपोआप बाजूला होणाऱ्या सर्व्हरपैकी किमान काही तरी चालू राहतील, अशी मर्यादा घाला. आणि हे सगळं खरोखर बंद पाडून पाहा. फेसबुक मोठ्या बिघाडांच्या रंगीत तालमी करत असे, त्यांचा त्या रात्री उपयोगही झाला. पण अख्खा बॅकबोन गेल्याची तालीम तोवर कधीच झाली नव्हती.