पडद्याआडचे कान

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात खासगी बाजार या नावाची एक वस्ती आहे. हे नाव मराठी कानाला परके वाटत नाही. मराठी दौलतींच्या जमाखर्चात राज्याचा पैसा निराळा आणि राजघराण्याचा पैसा निराळा धरीत. या दुसऱ्या खात्याला 'खासगी' म्हणत. होळकरांची खासगी तर इतिहासात प्रसिद्धच आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेस आपली छावणी कायमची केली. पुढे तिचेच शहर झाले, आणि छावणी उठून गेली तरी 'लष्कर' हे नाव मागे राहिले. शिलेदारांबरोबर कारकून आले, कारकुनांबरोबर भिक्षुक आले आणि भिक्षुकांबरोबर कीर्तनकार आले. घरात मराठी, दारात हिंदी, असा या मंडळींचा व्यवहार तेव्हापासून सुरू झाला.

बाजार म्हणजे ज्याला हवे त्याने यावे आणि घ्यावे असे ठिकाण. खासगी म्हणजे ज्याचे त्याच्यापुरते. हे दोन शब्द एका नावात शेजारी बसलेले पाहिले की ग्वाल्हेरच्या गाण्याची आठवण होते. कारण तेही एकेकाळी खासगीच होते, आणि ते बाजारात, म्हणजे चारचौघांत, कसे आले याची कथा मोठी मनोवेधक आहे. आज परदेशी नोकरीस गेलेला आमचा एखादा तरुण तिकडच्या कुणा अप्रसिद्ध गायकाचे गाणे ऐकतो, त्याने वेडा होतो, आणि झोपण्यापूर्वी ते फोनवरून दहा मित्रांना पाठवून मोकळा होतो. नव्याचा शोध आणि त्याचे वाटप या दोन्ही गोष्टी त्याला एका घटकेत साधतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी असाच नाद लागलेल्या माणसाला त्यासाठी आयुष्याची दहा-वीस वर्षे मोजावी लागत. फरक एवढाच नव्हे. जे ऐकले ते दुसऱ्यास देण्याचा आपणास अधिकार आहे काय, हा प्रश्नही त्याच्यापुढे उभा असे.

ग्वाल्हेर गायकीची उत्पत्तिकथाच मुळी चोरून ऐकण्याची आहे. शिंद्यांच्या दरबारी बडे महंमदखाँ नावाचे मोठे ख्यालिये होते. त्यांच्या तानेचा दबदबा असा की ती दुसऱ्याने उचलू नये म्हणून ते फार जपत. नत्थन पीरबक्षांचे नातू हस्सूखाँ आणि हद्दूखाँ हे तेव्हा पोरसवदा होते. या मुलांना महाराजांनी पडद्याआड बसवून महंमदखाँचे गाणे कित्येक महिने ऐकवले आणि एके दिवशी भर दरबारात तेच गाणे त्यांच्याकडून गाववून घेतले, असे सांगतात. महंमदखाँ संतापून निघून गेले. कथेचा तपशील प्रत्येक घराण्यात थोडा निराळा ऐकू येतो. तिला कागदाचा पुरावा मागू नये हे बरे. परंतु ज्यांनी ती पिढ्यानुपिढ्या सांगितली, त्यांना तिची लाज वाटली नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आपल्या विद्येच्या मुळाशी एक पडदा आहे हे या गायकांनी लपवले नाही.

त्यानंतर पडद्याआड बसण्याची पाळी मराठी माणसांची आली. पण त्यांना पडदा लागला नाही. हस्सूखाँनी वासुदेवबुवा जोशी यांना मोकळ्या मनाने शिकवले. विष्णुपंत पंडित हे कीर्तनकार खाँसाहेबांच्या बैठकीतले स्नेही, आणि त्यांचे पुत्र शंकरराव हे त्या घरचे शिष्य. नत्थूखाँचे दत्तकपुत्र निसारहुसेनखाँ तर शंकररावांच्या घरी कुटुंबातल्यासारखे राहिले. सोवळ्याओवळ्याच्या त्या काळात ब्राह्मणाच्या वाड्यात मुसलमान उस्ताद राहतो आणि यजमान त्याची शिष्यभावाने सेवा करतो, हे चित्र आजच्या वाचकाने डोळ्यांपुढे आणून पाहावे. ज्या कीर्तनकाराला पूर्वरंगातले पद रागदारीत म्हणावयाचे आहे, त्याला ख्यालाची गोडी लागणे स्वाभाविक होते. आमच्या देवळांनी हे गाणे निर्माण केले नाही, पण ते ऐकणारा कान मात्र देवळाच्या सभामंडपात तयार झाला होता, असे आमचे मत आहे.

ग्वाल्हेरास जाऊन बसलेली ही मंडळी. दक्षिणेतून तेथे धाव घेणाऱ्यांची कथा याहून खडतर. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांनी या गायकीपायी दारोदार भटकून, आधी धारच्या देवजीबुवांकडे आणि मग वासुदेवबुवांकडे, गुरूच्या घरची पडतील ती कामे करून विद्या मिळवली. परत आल्यावर त्यांनी ती मिरज-इचलकरंजीच्या परिसरात अशी पेरली की विष्णु दिगंबर पलुसकर, अनंत मनोहर जोशी, मिराशीबुवा असे शिष्य उभे राहिले. पुढे पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेत आलेले गाणे मराठी गळ्यावर बसून पुन्हा उत्तरेत गेले!

परंतु आमच्या वाचकांस अधिक जवळचे वाटतील ते रामकृष्णबुवा वझे. सावंतवाडी संस्थानात १८७१ च्या सुमारास जन्म, बालपण हलाखीचे, लग्न लहानपणीच झालेले, आणि गाण्याचे वेड असे की घर सोडून हा मुलगा गावोगाव हिंडत ग्वाल्हेरास निसारहुसेनखाँपाशी पोचला. उपासमार सोसली, चाकरी केली. एका गुरूवर त्याची भूक भागली नाही. जेथे एखादा अनवट राग, एखादी न ऐकलेली चीज असल्याची कुणकुण लागे, तेथे वझेबुवा जात आणि ती मिळेपर्यंत हलत नसत. आपल्याकडे संग्रह करणारे गवई पुष्कळ झाले. पण नव्याच्या वासावर असे धावणारे थोडेच.

आता प्रश्नाची दुसरी बाजू. उस्तादाची चीज म्हणजे काय, हे आपण शिकल्यासवरल्या लोकांनी विसरू नये. कुळकर्ण्याला वतन, पुजाऱ्याला देवस्थानातील पाळी, तशी गवयाला चीज. ती मुलाच्या ताटातली भाकरी. ती लपवणारा कृपण नव्हता, तो आपली मिळकत राखीत होता. 'विद्या दिल्याने वाढते' हे सुभाषित ज्याचे पोट विद्येवर नाही त्यास म्हणावयास सोपे असते.

ही बाजू ज्यांच्या चरित्रात ठसठशीत दिसते ते विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६). हे व्यवसायाने वकील, मुंबईच्या पारशी मंडळींच्या गायन उत्तेजक मंडळीचे सभासद, आणि हाडाचे शौकीन. गाण्यावर त्यांना पोट भरावयाचे नव्हते, म्हणूनच त्यांचा शौक इतका निर्भय झाला. १९०४ मध्ये दक्षिणेचा आणि पुढे उत्तरेचा व पूर्वेचा प्रवास त्यांनी केला. जेथे गेले तेथे वही उघडली. जयपूरचे महंमदअली खाँ कोठीवाल हे चीजांचे मोठे भांडार. त्यांच्या मुलांकडून भातखंड्यांनी घरच्या कित्येक चीजा टिपून घेतल्या. वडिलांना हे कळले तेव्हा ते संतापून मुंबईस आले, आणि भातखंड्यांची तळमळ पाहिल्यावर त्यांचा राग निवळला, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. शेवट गोड झाला खरा. पण मुंबईकडे येताना त्या म्हाताऱ्या गवयाच्या मनात काय चालले असेल, याचा विचार केला म्हणजे मन अस्वस्थ होते. तेथे पडदा नव्हता, वही होती. एवढाच काय तो भेद.

ग्वाल्हेरात मात्र ही देवघेव राजाच्या इच्छेने आणि उजेडात झाली. माधवराव शिंद्यांनी आपल्या नगरीतील निवडक गायक भातखंड्यांची स्वरलेखनपद्धती शिकण्यास मुंबईस पाठवले, आणि १० जानेवारी १९१८ रोजी लष्करात माधव संगीत विद्यालय सुरू झाले. शंकररावांचे शिष्य राजाभैया पूंछवाले त्याचे पुढे प्राचार्य झाले. शंकररावांचे पुत्र कृष्णराव पंडित यांनी त्याआधीच, १९१४ मध्ये, ग्वाल्हेरात स्वतंत्र विद्यालय काढले होते. ज्या शहरात पडद्याआडून तान उचलावी लागली, तेथे आता फळ्यावर खडूने स्वर लिहू लागले. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांनी या चीजा ज्याच्या हातात पुस्तक पडेल त्याच्या केल्या.

यात काही हरवले काय? हरवले. चीज कागदावर येते, तिच्यातली मींड येत नाही. ताल येतो, समेवर येतानाची ऐट येत नाही. एकाच चीजेची चार घरांत चार रूपे होती, त्यांपैकी छापलेले एकच 'शुद्ध' ठरण्याचा धोका उत्पन्न झाला. जुन्या गवयांची ही तक्रार आम्हांस खोटी वाटत नाही. तरीही निवाडा करावयाचा तर आम्ही वहीच्या बाजूने करू. ज्या खाँसाहेबांनी काहीच दिले नाही आणि ज्यांचे कुणी चोरूनही ऐकले नाही, त्यांचे गाणे त्यांच्याबरोबर मातीत गेले. त्याविषयी तक्रार करावयासदेखील कोणी उरले नाही.

वझेबुवांच्या झोळीतले गाणे कोठे कोठे गेले पाहावे. मंगेशीस १९०० मध्ये जन्मलेले दीनानाथ मंगेशकर त्यांच्याकडे शिकले, आणि बलवंत संगीत मंडळीच्या रंगभूमीवरून त्या शिक्षणाचा अंश अशा हजारो लोकांच्या कानी पडला, ज्यांनी ग्वाल्हेर नकाशातही पाहिले नव्हते. केरी गावच्या केसरबाई केरकर यांनीही प्रारंभी काही काळ वझेबुवांकडे शिक्षण घेतले. त्यांची खरी घडण अल्लादियाखाँची, हे सांगितलेच पाहिजे. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांतून सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकड्या अंतराळात पाठवल्या, त्यांत केसरबाईंची भैरवी आहे. याहून दूरचा परदेश अद्याप कुणा गायकास मिळालेला नाही! आमच्या बाजूस देवळांच्या उत्सवांत, पालखीपुढे, वास्कोच्या दामोदर सप्ताहातील बैठकींत जी रागदारी ऐकू येते, तिच्यातही अशा अनेक झोळ्यांतले दाणे आहेत. कोणता दाणा कोणाचा हे आता वेगळे काढता येणार नाही.

वझेबुवा १९४५ मध्ये पुण्यास वारले. फटकळ म्हणून त्यांची ख्याती होती, आणि भलत्याने भलते मागितलेले त्यांना खपत नसे. पण आयुष्याच्या उतरणीवर, १९३८ मध्ये, त्यांनी 'संगीत कला प्रकाश' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्या चीजांसाठी ते उपाशी राहिले, ज्या मिळवण्यासाठी त्यांनी उस्तादांच्या घरची चाकरी केली, त्या स्वरलेखनासह त्यात छापल्या. आणि त्या कशा मिळवल्या हेही पुस्तकात आपल्या रोखठोक भाषेत लिहून ठेवले.