भिक्षेकडून श्रमाकडे

श्रोतेहो, १८९८ चा इंग्रजी कायदा मोठा चमत्कारिक होता. भीक मागणाऱ्या महारोग्याला पकडून आश्रमात ठेवता येई. आणि खाद्यपदार्थ विकण्यासारखे धंदेही त्याला बंद करता येत! मग त्याने जगावे कसे?

१९५१ साली वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी सहा रोग्यांसह खडकाळ रानात आनंदवन उभे केले. विहीर खणली, शेती पिकवली. आपल्या सोलापूरच्या माळावर विहीर खणणाऱ्याला ते कष्ट काय सांगावेत? मात्र ती जमीन सरकारने दिलेली होती, हेही विसरू नये. स्वावलंबनाला पायाखाली जमीन लागतेच.

२०१६ च्या कायद्याने अपंगांना सरकारी नोकरीत ४ टक्के जागा राखल्या. त्यात बरे झालेले कुष्ठरोगीही आले. तेव्हा गुरुजी, वर्गातल्या अपंग मुलाला त्याची सवलत जरूर मिळवून द्या. पण त्याला कामही सांगा.