जाड पिनेचा चार्जर

आमच्या राजपुऱ्यातल्या घरी वायरींचा एक डबा आहे. दिवाळीच्या साफसफाईत आईचा जुना नोकिया ६६०० सापडला. त्यात तिच्या आवाजातली ओवी आहे हो! पण चार्जर? डबा पालथा केला. बारीक पिन, मायक्रो यूएसबी, टाइप-सी, सगळं निघालं. जाड पिन तेवढी नाही. नोकियाची पिन आधी ३.५ मिलिमीटरची, पुढे २ ची झाली. टाइप-सी २०१४ ची. युरोपात नव्या मोबाइलना ती २८ डिसेंबर २०२४ पासून सक्तीची. आमच्या बुऱ्हाणपुरात १६१५ साली कुंडी भंडाऱ्याच्या शंभरावर कुंड्या भुयाराने जोडल्या, अन् इथे एक वायर जुळेना! शेवटी रिपेअरवाल्या भाऊंच्या खणात जाड पिन निघाली. दीड मिनिटाची ओवी, मागे कुकरची शिट्टी. पुण्याच्या ताईला फोनवरच ऐकवली.