अनिवासी भारतीयांची घरविक्री व प्राप्तिकर
परदेशस्थ भारतीयाने भारतातील भाड्याने दिलेले घर विकल्यास भांडवली नफ्यावर भारतात प्राप्तिकर लागतो. मालकी २४ महिन्यांहून अधिक असल्यास नफा दीर्घकालीन ठरतो. २३ जुलै २०२४ पासून त्यावर १२.५ टक्के कर, शिवाय उपकर व लागू असल्यास अधिभार. खरी डोकेदुखी उद्गम करकपातीची. निवासी विक्रेत्याच्या ५० लाख वा अधिक रुपयांच्या घरावर खरेदीदार १ टक्का कापतो. अनिवासीबाबत अशी किमान मर्यादा नाही आणि कपात बहुधा नफ्याऐवजी पूर्ण किमतीवर होते. त्यामुळे पुण्या-मुंबईतली जुनी सदनिका विकताना कमी कपातीचे प्रमाणपत्र व्यवहाराआधीच घेतलेले बरे. नाहीतर विवरणपत्र भरून परताव्याची वाट पाहावी लागते. दीर्घकालीन नफा ठरावीक मुदतीत भारतातील दुसऱ्या घरात गुंतवल्यास सवलत मिळते.